शालनची पकड

मी ब्रेक मारायच्या आधी घसा खाकरतो, हे मला म्हातारपणी एका बेबी सीटनं सांगितलं. त्याआधी उभी हयात गाडी चालवली, पण कुणी एक शब्द बोललं नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. पण ती कशाला सांगतेय! तिचं काम भागत होतं ना, मग झालं.

मी यशवंत खोराटे, मुक्काम आजरा. तरुणपणी आजरा ते सावंतवाडी वडाप करायचो. आता वडाप म्हणजे काय तेही पोरांना सांगावं लागतं. नऊ माणसांची जीप, आत कोंबलेली पंधरा-सोळा, मागं लोंबकळणारे वेगळे, आणि गच्च भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. आंबोलीचा घाट यशवंता डोळे झाकून उतरतो, असं लोक म्हणायचे. डोळे उघडेच असायचे हो, पण त्या धुक्यात उघडून तरी काय दिसतंय?

शालन, माझी बायको, सावंतवाडीची. त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांनी तिची स्वारी माझ्या शेजारच्या सीटवर, आणि मांडीवर आमची तेजू. ना पट्टा, ना काही. आईचे दोन हात, बस्स. सगळं जगच तेव्हा असं फिरत होतं. आज आठवलं की अंगावर काटा येतो, आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी डोळ्यांत पाणीही येतं. काय दिवस होते! टेपवर गाणी, पायाशी आंबोळ्यांचा डबा, काचेवर धुकं, आणि तेजू आईच्या कुशीत ढाराढूर. वळणावर शालन म्हणायची, "अहो, जरा हळू." मी म्हणायचो, "काही होत नाही गं." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "काही होत नाही म्हणणाऱ्यालाच काहीतरी होतं."

तेजूला पहिला मुलगा झाला, विहंग, तोवर जमाना बदलला होता. पुण्या-मुंबईकडं गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या होत्या. आमच्या घाटात धुकं, म्हशी आणि वळणं, तिथं अजून माणूसच लागायचा. पण एक नियम सगळीकडं सारखा आला. गाडीत लहान मूल असेल तर ते त्याच्या सीटमध्येच पाहिजे. मांडीवर घेतलं तर गाडीला कळतं आणि ती जागची हलत नाही. सीटच्या कडेला एक दिवा असतो. तो हिरवा झाला तर निघा, नाहीतर बसा गप्प.

शालनचा तर संतापच झाला. "माझ्या मांडीत काय काटे आले काय?"

तरी गेलो गडहिंग्लजला, सीट बसवून देणाऱ्या केंद्रात. तिथं सानिया नाईकवडे नावाची पोरगी होती, इंजिनियर, बोलायला चुणचुणीत. बारशाच्या आधीच सीट पाहिजे होती. तेजू बाळंतिणीच्या खोलीत, म्हणून आम्ही दोघंच गेलो. मी आत शिरल्या शिरल्या सगळ्यात देखण्या सीटकडं बोट केलं. "ती लाल द्या. भारीतली."

"काका, भारीतली नको, बाळाला आणि तुमच्या गाडीला बसणारी घ्या," सानिया म्हणाली. तिनं विहंगचं वजन विचारलं, लांबी विचारली, मग आमच्या गाडीच्या मागच्या बैठकीचा उतार मोजला. तीन सीटा लावून बघितल्या आणि एक साधी करडी सीट पक्की केली. बैठकीच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात सीटचे आकडे खटाखट बसवले. मग बुडाशी धरून ती गदागदा हलवली. "इंचभरापेक्षा जास्त हलली तर बसवलीच नाही असं समजायचं."

"अगं बाई, पण तोंड मागच्या बाजूला का?" शालन म्हणाली. "पोराला रस्ता दिसायचा नाही की!"

"काकू, एवढ्याशा बाळाला रस्ता काय करायचाय? मान कोवळी असते. गाडी गपकन थांबली तर धक्का सगळ्या पाठीवर पसरायला पाहिजे, मानेवर नाही."

शालननं मान डोलावली. पण गप्प बसेल ती शालन कसली? पिशवीतून तिनं गोधडी काढली. स्वतःच्या जुन्या साड्यांची, स्वतःच्या हातानं शिवलेली. ती चौघडी करून सीटमध्ये अंथरली, वर एक थाप मारली. दिवा लालभडक झाला.

"आमच्याकडं येणारं दर दुसरं घर हेच करतं," सानिया हसत म्हणाली. "काकू, गोधडी दबते. टक्कर झाली की ती दबून पट्टे सैल पडतात, आणि बाळ वरच्या वर निसटतं. आधी पट्टे अंगावर, मग त्याच्यावरून गोधडी. खाली काही घालायचं नाही."

"टोचेल की त्याला!"

"नाही टोचणार. ही सीट शिकते."

मग तिनं समजावून सांगितलं. आधीच्या सीटांमध्ये पट्टे आवळले की पोरं भोकाड पसरायची, आणि आई-बाप दया येऊन पट्टे ढिले करायचे. ढिला पट्टा म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून कुणीतरी डोकं लढवलं. बाहेरचं कवच आणि मुख्य पट्टे कडक ते कडकच ठेवले, त्यात तडजोड नाही. पण आतून एक विणलेला थर घातला. त्यातले काही धागे विजेनं आकसतात, काही धागे ऐकतात, म्हणजे बाळ रडलं की सीटला कळावं. हा थर कारखान्यात शिकवत नाहीत. मुलं सांभाळलेलं घरचं माणूस शिकवतं. अंगात एक जाकीट घालायचं, बाळाच्या वजनाची वाळूची बाहुली धरायची आणि गाडीतून एक फेरी मारायची. हात कुठं दाबतात, कधी सैल होतात, ते सगळं जाकीट सीटला कळवतं. मग सीट बाळाला तसंच धरते. त्याला त्यांनी नाव दिलं होतं पकड.

शालन वाळूची बाहुली घेऊन मागं बसली. पट्टा लावलेला, तोंड फुगलेलं. मी उसाच्या शेतांमधल्या रस्त्यानं गाडी काढली. गतिरोधक, खड्डे, मध्येच एक कुत्रं. परत आलो तर सानिया पडद्यावर डोळे लावून बसली होती. खालची रेघ माझ्या ब्रेकची, वरची शालनच्या हातांची.

"गंमत बघा काका. बाकीची माणसं ब्रेक लागला की आवळतात. काकूंचे हात आधीच आवळलेले असतात. प्रत्येक वेळी! काकू, कसं कळतं तुम्हाला?"

"त्यात काय कळायचंय? हे घसा खाकरतात."

"कोण? मी?" मी उडालोच.

"नाही, शेजारचे सरपंच! अहो, तुम्हीच. खाकरलं की ब्रेक. पहिल्यापासून."

"जीपच्या त्या भडभडाटात तुला माझं खाकरणं ऐकू यायचं?"

"नवऱ्याचं खाकरणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं, शेजारच्या सीटवर नाही येणार?"

सानिया हसून लोटपोट. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं, आणि आतून फार बरंही वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की शेजारी बसून ही डुलक्या काढते. ही माझ्या श्वासावर गाडी ओळखत होती. सानिया म्हणाली, "सीटनंही हे शिकून घेतलंय. खाकरून बघा." मी खाकरलो. बाहुलीवरचे पट्टे हलकेच आवळले. जसे शालनचे हात आवळायचे, अगदी तसेच.

घरी आल्यावर हे खाकरण्याचं आम्ही कुणाला सांगितलं नाही. शालनला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि मला लाज वाटली.

विहंग दोन वर्षांचा व्हायच्या आत शालन गेली. साधं तापाचं निमित्त झालं. हातातोंडाशी आलेलं सुख, नातवाची पहिली बाराखडी, सगळं टाकून गेली. विहंग अंगानं वाढला, त्याला मोठी सीट आली, आणि ती लहान करडी सीट आमच्या सोप्यात कोपऱ्यात राहिली.

एका संध्याकाळी तिच्यावरची धूळ पुसताना माझा हात पट्ट्यांच्या आत होता, आणि धुळीनं मी खाकरलो. मनगटावर दाब आला. हळूच, मग थोडा घट्ट, मग अंगठ्यापाशी सैल. शालन! मी तिथंच जमिनीवर बसलो. मोठ्यानं बोललो, "आहेस काय गं?" वेड लागलं म्हणा. मला कळत होतं ते धागे आहेत. पण ते धागे दुसऱ्या कुणाच्या खाकरण्यानं हलत नव्हते. त्यानंतर सीटची बॅटरी मी कधी उतरू दिली नाही. रोज चहा झाला की हात घालायचा, खाकरायचं, घटकाभर बसायचं. घर खायला उठायचं बंद झालं.

मग तेजूला मुलगी झाली. दुसरं बाळंतपण सासरी करतात, पण तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आली माझ्याकडंच. दवाखान्यातून पोरीला आणताना मी ती करडी सीट गाडीत बसवली. सानिया येऊन तपासून गेली. दिवा हिरवा. वाटेत मी खाकरत होतो आणि मागं पट्टे आवळत होते, पोरगी हूं की चूं नाही. मला वाटलं, हिला आज्जी बघायला मिळाली नाही, पण आज्जीचे हात तरी मिळाले. जग जिंकल्यासारखं वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही. सव्वा महिना होत आला होता. गुरुवारी तेजूला आणि लेकरांना तिच्या सासरी, सावंतवाडीलाच, पोचवायचं ठरलं. त्याआधी मी तिच्या पाठवणीचं सामान आणायला बाजारात गेलो. सीट मागं लावलेली, पण रिकामी. गाडी उभी करून नारळ घेत होतो, तेवढ्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं उसाची ट्रॉली मागं घेताना आमच्या गाडीला ठोकर दिली. डिकी चेपली. मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि मागचं दार उघडलं. सीटवर ओरखडाही नव्हता. फक्त दिवा नारिंगी झाला होता.

तसाच गडहिंग्लजला गेलो. सानियानं बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, ही आता जमा करावी लागेल. ठोकर बसलेली सीट परत वापरत नाहीत. कवच आतून चिरतं, वरून कळत नाही."

"मग कवच बदल. आतला थर तोच ठेव."

"तो कवचावरच विणलेला असतो."

"मग त्यातली पकड काढून नवीनमध्ये घाल."

"ती कुठं लिहून ठेवलेली नसते हो. ऐकणारे धागे आणि आवळणारे धागे एकाच विणीत असतात. आकसून आकसून त्यांना एकमेकांची सवय लागते, जुन्या कोल्हापुरी चपलेला पायाची लागते तशी. ती सवय दुसऱ्या चपलेत घालता येत नाही." तिचेही डोळे भरले होते. "नवीन देताना जुनी घ्यावीच लागते. घरात राहिली की कुणीतरी कधीतरी वापरतंच."

घरी तेजूला सांगितलं. ती पोरीला पाजत होती. म्हणाली, "आप्पा, जमा करा. नवी आणू."

"तुझ्या आईनं शिकवलेली सीट आहे ती!"

"मला माहीत नाही काय?" ती ओरडली. पोरगी दचकली. तेजूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी सीट उचलली आणि बंडा मिस्त्रीकडं गेलो. बंडा माझ्या जीपवर क्लीनर होता, आता त्याचं गॅरेज. म्हणाला, "हात्तिच्या! दिव्याचीच अडचण ना? भंगारातल्या सीटची चिप बसवतो. चहा संपेपर्यंत हिरवा." मी म्हटलं, कर. मला गुरुवारी नात शालनच्या हातांत पाठवायची होती. दुसरं काही दिसत नव्हतं.

बंडानं मागचं आवरण सोलून काढलं. कवचावर एक पांढरी रेघ होती, केसाएवढी. वरच्या पट्ट्याच्या खाचेपासून निघून खाली गेलेली. मी अंगठ्यानं दाबलं. कट् असा आवाज आला.

"बंडा, हे काय?"

"चालायचंच रे. एवढ्याशा रेघेनं काही होत नाही, यशवंता."

माझंच वाक्य. आणि ऐकल्या ऐकल्या पुढचं वाक्य मनात उमटलं, तिच्याच ठसक्यात. बाई मेली तरी उत्तर द्यायची थांबली नाही! शालनचे हात शाबूत होते, पण त्या हातांमागचं हाड मोडलं होतं. मोडक्या हातात तिनं लेकराला कधी दिलं असतं? मला दिलं नसतं, बंडाला दिलं नसतं, देवालाही दिलं नसतं.

"आवरण लाव," मी म्हटलं. "राहू दे ती चिप."

सानियाकडं पोचल्यावर तिनं विचारलं, "काका, थोडा वेळ हवाय?" मी पट्ट्यांत हात घातला. खाकरलो. मनगट आवळलं गेलं. पुन्हा खाकरलो. मग मीच म्हणालो, "काढ गं पोरी." तिनं बॅटरी काढली आणि पट्टे माझ्या हातावर सैल पडले. मी रडलो. त्यात लाज कसली? ज्याचं जातं त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी तेजूला घेऊन गेलो. मुलांजवळ शेजारच्या काकी थांबल्या. सानियानं नवीन सीट मापून निवडली, बसवली, हलवून दाखवली. मग म्हणाली, "ताई, घाई असेल तर कारखान्याची साधी पकड आहे. चालेल तीही."

"नको," तेजू म्हणाली. "मी शिकवते."

तिनं जाकीट घातलं, वाळूची बाहुली घेतली, मागं बसली, पट्टा लावला. तोच उसातला रस्ता. मी मुद्दाम काही केलं नाही. खरं तर मन थाऱ्यावर नव्हतं, नुसता गाडी हाकत होतो. गतिरोधक आले, खड्डे आले, एक म्हातारी शेळी घेऊन आडवी गेली. तेजू खिडकीबाहेर बघत होती. परत आलो.

सानिया पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. मला आता रेघा वाचता येत होत्या. खालची माझ्या ब्रेकची. वरची तेजूच्या हातांची. प्रत्येक ठिकाणी वरची रेघ आधी उठत होती.

"ताई," सानियानं विचारलं, "ब्रेक लागणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला? कुठं काय कळलं?"

"तुम्ही दर वेळी आधीच आवळलंय. काका खाकरले की लगेच."

"आप्पा खाकरतात?" तेजूनं माझ्याकडं बघितलं. "कधी? मी तर उसाचे तुरे बघत होते."

तेव्हा आईच्या मांडीवर असलेल्या तेजूला खाकरणं म्हणजे काय आणि ब्रेक म्हणजे काय, काय ठाऊक असणार? बाप खाकरला की आईचे हात आवळतात, एवढंच तिच्या अंगाला कळत होतं. आंबोलीच्या वळणावळणावर, झोपेत, पुन्हा पुन्हा. शालननं पहिली पकड शिकवली ती सीटला नव्हे, हिला. मी वेडा, भंगारात काय चाललं म्हणून रडत बसलो होतो.

मग मी तिला सगळं सांगितलं. जीपचं, खाकरण्याचं, रोज चहानंतर सीटमध्ये हात घालून बसण्याचंही. तेजू जाकीट न काढताच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि रडता रडता हसली. "आईनं मला कधी सांगितलं नाही!"

"मला तरी कुठं सांगितलं होतं?" मी म्हणालो.

गुरुवारी निघालो. शेजारणींनी ओटी भरली, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेजूनं पोरीला नवीन सीटमध्ये ठेवलं, पट्टे सारखे केले, खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघितला. चिमटीत येत नव्हता, म्हणजे घट्ट होता. दिवा हिरवा झाला. मग शालनची गोधडी तिनं पट्ट्यांवरून पांघरली आणि मागंच दोघांच्या मधे बसली. पलीकडच्या मोठ्या सीटमधून विहंग ओरडला, "आज्जा, चला की!"

आंबोलीत धुकं होतंच. मी सावकाश उतरलो. वळण आलं की माझं खाकरणं, आणि पाठोपाठ मागून धाग्यांची बारीक सरसर. पोरगी गाढ झोपलेली. टेपची आठवण आली, आंबोळ्यांच्या डब्याची आली. शेजारची सीट रिकामी होती, पण पहिल्यासारखी टोचली नाही.

घाट संपला. सपाट, सरळ, मोकळा रस्ता लागला. ऊन पडलेलं. समोर माणूस नाही, जनावर नाही. मी जरा खाकरलो.

मागं पट्टे सरसरले. आरशात बघितलं तर तेजूचा हातही गोधडीवर गेला होता.

"आप्पा, काय झालं? रस्ता तर रिकामा आहे की."

"काही नाही गं," मी म्हणालो. "उगीच."